टाकीत हे काय उगवलंय?

नवी मत्स्यटाकी मांडून आठ-दहा दिवस होतात आणि एका सकाळी आतल्या लाकडावर पांढरट, कापसासारखी साय धरलेली दिसते. घरात धावपळ उडते, कुणी औषधाची बाटली आणायला निघतं. जरा थांबा. भिजलेल्या लाकडातून शर्करा झिरपत असते, तिच्यावर जिवाणू आणि बुरशी पोसतात, एवढाच तो प्रकार. गोगलगायी तो चवीनं खातात आणि लाकडातला खाऊ संपला की काही आठवड्यांत साय आपसूक जाते. घाई असेल तर लाकूड बाहेर काढून ब्रशने घासा. पण लाकूडच मऊ पडून कुजका वास मारत असेल, तर ते फेकलेलंच बरं.

हाच कापूस माशाच्या अंगावर दिसला तर मात्र गोष्ट वेगळी. तो बहुधा सॅप्रोलेग्निया असतो. जखमेवर किंवा मेलेल्या अंड्यांवर तो बसतो. दिसायला बुरशी, पण नात्यानं डायटम नावाच्या एकपेशीय जिवांच्या आणि तपकिरी शेवाळांच्या जवळचा. अशा माशाला वेगळं ठेवून उपचार करावे लागतात.

डायटम नव्या टाकीत हमखास येतात. काचेवर तपकिरी धूळ बसल्यासारखं दिसतं आणि बोट फिरवलं की निघतं. या एकपेशीय जिवांचं कवच सिलिकाचं, म्हणजे काच ज्यापासून बनते त्याच पदार्थाचं असतं. टाकी जुनी होत गेली की ते बहुधा कमी होतात.

पानांच्या कडांना काळे, दाढीसारखे झुबके आले असतील तर एक झुबका चिमटीनं उपटून स्पिरिटमध्ये टाका. हरितद्रव्य स्पिरिटमध्ये उतरतं आणि झुबका लालसर दिसू लागतो. काळं दिसणारं हे शेवाळ खरं तर लाल शेवाळांच्या कुळातलं आहे. चिवट असतं. फार माखलेली पानं कापून टाकणं हाच त्यातल्या त्यात सोपा मार्ग.

निळसर हिरवा, बुळबुळीत थर वाळूवर चादरीसारखा पसरलाय, उचलला तर अख्खा निघतोय आणि मातकट कुबट वास येतोय? हे शेवाळ नव्हेच. हे सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशावर जगणारे जिवाणू. सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साठू लागला तो यांच्याच पूर्वजांमुळे, तेव्हा थोडा आदर बाळगायला हरकत नाही. पण टाकीत ते नकोत. काही जण थेट अँटिबायोटिक ओततात. मला ते पटत नाही, कारण माशांच्या मलमूत्रातला अमोनिया पचवणारे उपयोगी जिवाणूही त्यात मरू शकतात. आधी थर नळीनं ओढून काढा, थोडं पाणी बदला, तीन दिवस टाकी पूर्ण झाकून अंधारात ठेवा. नंतर दिवा दिवसाला सहा ते आठ तासच लावा आणि खाणं मोजून द्या, नाहीतर चादर पुन्हा अंथरली जाते.

आणि काचेला चिकटलेला, सेंटिमीटरभर लांबीचा, टोकाला केसांसारखे धागे असलेला तो बारीक देठ? काडीनं हलकेच टोचा. आक्रसून ठिपका झाला तर तो हायड्रा. 1740 च्या सुमारास हेग शहराजवळ अब्राहम ट्रेंबले या शिक्षकाला बरणीतल्या तळ्याच्या पाण्यात असेच हिरवे देठ दिसले आणि त्याला हाच प्रश्न पडला, ही वनस्पती की प्राणी? त्यानं एक कापून दोन तुकडे केले. वनस्पती असेल तर जगेल, असा त्याचा हिशेब. दोन्ही तुकडे पूर्ण हायड्रा झाले! पण ते हलत होते, भक्ष्य पकडून गिळत होते. तेव्हा प्राणीच ठरले.

मोठ्या माशांना हायड्राचा त्रास नाही, नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना मात्र तो गिळतो. पिल्लांसाठी सोडलेल्या आर्टेमियावरच, म्हणजे कोळंबीसारख्या बारीक जिवांवरच, तो फोफावतो, म्हणून तो खाऊ काही दिवस बंद ठेवा. फेनबेंडाझोल या जंतनाशक औषधानं हायड्रा मरतो, पण काही जातीच्या गोगलगायींनाही ते बाधतं, त्यामुळे त्यांना आधी दुसरीकडे हलवा. आणि ब्लेडनं खरवडण्याच्या मोहात पडू नका. ट्रेंबलेचा प्रयोग तुमच्या काचेवर पुन्हा होईल.