पत्रा बदलला, हत्यारं तीच राहिली

अपघातात मागचा क्वार्टर पॅनल, म्हणजे मागच्या चाकावरचा बाजूचा पत्रा, असा चेपला की ठोकून सरळ होणार नाही, तर तो कापून काढावा लागतो. गॅरेजात याला नुसतं ‘कटिंग’ म्हणतात. कापायचं कशाने, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. खुंटीवरचा चार इंची ग्राइंडर उचलायचा आणि सुरू करायचं. ही सवय ज्या काळात लागली, त्या काळी ती चुकीची नव्हती. पण तेव्हाच्या गाडीचा पत्रा वेगळा होता.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारीची बॉडी लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकून बनत असे. फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बडने 1912च्या सुमारास पूर्ण पोलादी बॉडी बनवायला घेतली, आणि खिळ्यांची जागा हळूहळू वेल्डिंगने घेतली. 1934 साली सिट्रोएनच्या ट्रॅक्शन आव्हाँने वेगळी चॅसिसच काढून टाकली. बॉडी हाच सांगाडा झाला आणि गाडीचा भार पत्र्यावर आला. आज एका गाडीत साधारण तीन ते पाच हजार स्पॉट वेल्ड, म्हणजे दोन पत्रे जोडणारे वेल्डिंगचे ठिपके, असतात. पॅनल बदलणं म्हणजे त्यातले नेमके हवे तेवढे स्पॉट सोडवणं आणि बाकीच्यांना धक्का न लावणं.

आपल्याकडे कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट, जी पुढे पद्मिनी झाली, आणि अँबॅसडर या दोन्ही गाड्यांना वेगळी चॅसिस नव्हती. पण पत्रा मऊ होता. डेंटरकडे छिन्नी, हातोडी, पत्रा कापायची कात्री, हॅक्सॉ आणि गॅस एवढं असलं की भागत असे. गॅसची ज्योत 3,000 अंशांच्या वर जाते. कापलेल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना वीतभर रंग जळायचा, पत्र्याला लाटा यायच्या. मग त्या ठोकून, पुटी भरून सारख्या करायच्या. मऊ पोलाद हे सगळं सोसून घेत असे. त्या कारागिरांचा हात विलक्षण होता, यात मला तिळमात्र शंका नाही. ते उस्ताद ज्या पत्र्यावर शिकले, तो मात्र आता गाडीच्या फक्त बाहेरच्या अंगाला उरला आहे.

ग्राइंडर आला जर्मनीतून. आकरमान आणि श्मिट यांच्या कंपनीने 1954 साली वेगवान अँगल ग्राइंडर बाजारात आणला. तिच्या ‘फ्लेक्स’ या नावावरून जर्मन भाषेत ग्राइंडरने कापण्याला क्रियापदच तयार झालं. आपल्याकडे तो स्वस्त झाला तेव्हा छिन्नीचं काम पाव वेळात होऊ लागलं. एक मिलिमीटरची पातळ चकती मिनिटाला अकरा हजार फेरे घेते आणि पाऊण मिलिमीटरचा पत्रा सहज कापते. त्रास ठिणग्यांचा. मी एका गाडीची मागची काच बोटाने चाचपून पाहिली आहे. दुरून धूळ वाटत होती, पण पुसली जाईना. लोखंडाचे तापलेले कण काचेत रुतून बसले होते आणि पहिल्या पावसानंतर प्रत्येकाभोवती तांबूस गंज धरला होता. काचेवर ओली गोधडी टाकली असती तर ती वाचली असती.

खरा बदल मात्र आतल्या पोलादात झाला. बोरॉनयुक्त पोलाद 900 अंशांच्या आसपास तापवायचं आणि थंड साच्यात दाबून तिथेच विझवायचं, ही पद्धत स्वीडनमध्ये 1977 साली निघाली. 1984 साली साबने ती दारातल्या आडव्या पट्ट्यांसाठी वापरली. असं पोलाद साध्या पत्र्याच्या पाचपट ताण सोसतं, सुमारे 1,500 मेगापास्कल. 2002च्या व्होल्वो एक्ससी90मध्ये ते छताच्या सांगाड्यापर्यंत पोहोचलं. अशा पिलरांपुढे, म्हणजे छत पेलणाऱ्या खांबांपुढे, बचावपथकांचे जुने हायड्रॉलिक कटर अडू लागले. भारतात 1 ऑक्टोबर 2017पासून नव्या मॉडेलना समोरून ताशी 56 आणि बाजूने 50 किलोमीटरची धडक-चाचणी बंधनकारक झाली. 2023मध्ये भारत एनकॅप, म्हणजे धडकेतल्या सुरक्षिततेला तारे देणारी चाचणी, आली. तारे मिळवण्याच्या चढाओढीत हे कडक पोलाद आता आपल्या साध्या गाड्यांच्या बी-पिलरमध्येही, म्हणजे पुढच्या आणि मागच्या दारांमधल्या खांबातही, येऊन बसलं आहे.

या पोलादाची ताकद उष्णतेतून आलेली असते आणि उष्णतेनेच जाते. गॅस लावला की त्या पट्ट्यात ते मऊ पडतं. वरून रंग झाकला की कुणालाच दिसत नाही. दिसतं ते पुढच्या धडकेत. म्हणून आज हत्यार निवडताना आधी कंपनीच्या रिपेअर मॅन्युअलमध्ये पाहायचं की कुठल्या थरात कोणतं पोलाद आहे आणि कापायला कुठे परवानगी आहे. बोरॉनचा पिलर बहुधा मधे कापून जोडायचा नसतो, कारखान्यातल्या सांध्यापासून अख्खा बदलायचा असतो.

बाहेरचा पत्रा कापायला एअर सॉ, म्हणजे हवेच्या दाबावर चालणारी करवत, चांगली. ठिणग्या जवळजवळ नाहीत, आणि पाते किती आत जातं ते हातात कळतं. इंचाला 32 दातांच्या पात्यातही दोन दातांत 0.8 मिलिमीटर अंतर पडतं, म्हणजे पातळ पत्र्यावर एका वेळी जेमतेम एकच दात लागतो. पाते तिरपं धरलं तर दात अडकून तुटत नाहीत. स्पॉट सोडवायला आधी सेंटर पंचने खूण करायची, मग आठ मिलिमीटरचा स्पॉट कटर लावायचा. वरचा पत्रा कापला गेला की हाताखालचा आवाज बदलतो, तिथेच थांबायचं. खालच्या थराला भोक पडता कामा नये. कडक पोलादावर साधा ड्रिल निळा पडून जळतो. तिथे कार्बाइडचा कटर कमी वेगाने चालवायचा, नाहीतर अरुंद बेल्ट सँडरने स्पॉटच घासून काढायचा.

आता विजेच्या गाड्या गॅरेजात यायला लागल्या आहेत. त्यांच्या दाराखालच्या पट्टीलगत बॅटरी असते आणि उच्च दाबाची नारिंगी केबल जवळून जाते. बॅटरीचा पुरवठा तोडून, केबल कुठून जाते ते पाहून घेतल्याशिवाय तिथे कुठलंच पाते लावायचं नाही.