न्यायालयाबाहेर तडजोड झाल्यावर वादीने करायचा अर्ज: हक्क, कागदपत्रे आणि अडणाऱ्या जागा

दिवाणी दावा चालू असताना पक्षकारांनी आपसांत मिटवला की पुष्कळ वादी मुद्रांक कागदावर करार लिहून नोटरीकडून साक्षांकित करून घेतात आणि पुढच्याच तारखेला दावा काढून घेतल्याची पुरसिस, म्हणजे न्यायालयाला द्यायचे लेखी निवेदन, देतात. पहिला हप्ता मिळतो, दुसरा येत नाही, आणि मग ते दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करायला धावतात. परंतु हुकूमनामाच, म्हणजे दाव्यातील न्यायालयाचा निर्णयच, झालेला नसतो, त्यामुळे दरखास्त कशाच्या आधारे करणार? दावा नव्याने दाखल करण्याची परवानगी न घेता मागे घेतला असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 23 नियम 1 प्रमाणे त्याच कारणावर पुन्हा दावाही करता येत नाही. उरतो तो केवळ त्या करारावर नवा दावा, म्हणजे पुन्हा फी आणि पुन्हा वर्षे.

म्हणून द्यायची ती तडजोड पुरसिस, आदेश 23 नियम 3 खाली. तडजोड लेखी असावी, कायदेशीर असावी आणि तीवर पक्षकारांच्या सह्या असाव्यात, अशी अट 1976 च्या दुरुस्तीपासून आहे. न्यायालयाची खात्री झाली की ती नोंदवून तिच्याप्रमाणे हुकूमनामा होतो. दाव्यात नसलेल्या बाबीही, त्या त्याच पक्षकारांमधील असल्यास, तडजोडीत घेता येतात. पुरसिसमध्ये रकमेचे आकडे, प्रत्येक हप्त्याची तारीख आणि हप्ता चुकल्यास काय होईल, हे स्पष्ट लिहावे. "ठरल्याप्रमाणे देतील" एवढ्या शब्दांची अंमलबजावणी कोणत्याही न्यायालयाला अवघड जाते.

ओळखपत्र आणि मूळ तडजोडपत्र सगळेच आणतात. अडते ते वाटपाच्या दाव्यात, जेव्हा पक्षकारांमध्ये एखादे अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मूल असते. तिथे आदेश 32 नियम 7 प्रमाणे न्यायालयाची स्पष्ट परवानगी लागते, शिवाय वादमित्राचे, म्हणजे मुलाच्या वतीने दावा चालवणाऱ्याचे, प्रतिज्ञापत्र लागते आणि त्या मुलाची बाजू वकील मांडत असेल, तर तडजोड मुलाच्या हिताची असल्याचा त्या वकिलाचा दाखलाही जोडावा लागतो. हा दाखला बहुतेकांकडे नसतो आणि कार्यालयात कोणी आधी सांगतही नाही. एक तारीख त्यातच जाते. परवानगी न घेता केलेली तडजोड अज्ञान पक्षकाराला पुढे रद्द करवून घेता येते, हे समोरच्यांनीही ध्यानात ठेवावे. तसेच सासरी गेलेल्या बहिणीची सही राहिली, तर तिचा हिस्सा त्या तडजोडीने बांधला जात नाही. तिच्यातर्फे कोणी सही करणार असेल, तर कुलमुखत्यारपत्रात तडजोड करण्याचा अधिकार शब्दांत लिहिलेला हवा.

वकीलपत्राच्या छापील मजकुरात तडजोडीचा अधिकार बहुधा असतोच. तरीही अटी वाचून, समजून स्वतः सही करणे हा वादीचा हक्क आहे, आणि घाई केली जात असेल तर पुढची तारीख मागण्यात काहीही गैर नाही. कारण संमतीच्या हुकूमनाम्यावर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 96(3) प्रमाणे अपील नाही. तीस दिवसांत अपील करू, असे समजून सही केलेली माणसे पाहिली की वाईट वाटते. तडजोड बेकायदेशीर होती म्हणून वेगळा दावाही चालत नाही. फसवणूक झाली असेल तर तोच हुकूमनामा देणाऱ्या न्यायालयाकडे अर्ज करावा लागतो.

जमिनीच्या बाबतीत एक गोष्ट सर्रास राहून जाते. दाव्यातील मिळकतीपुरता तडजोडीचा हुकूमनामा असेल तर नोंदणी कायद्याच्या कलम 17(2)(सहा) खाली त्याला नोंदणीतून सूट आहे, पण दाव्याबाहेरचा एखादा गट त्यात घातला की ती सूट त्या गटाला मिळत नाही आणि फेरफार तिथेच अडतो.

हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल लगेच मागावी. दरखास्तीची मुदत 12 वर्षांची आहे. हप्त्यांच्या हुकूमनाम्यात ती त्या त्या हप्त्याच्या चुकीपासून मोजली जाते.

न्यायालय फीच्या परताव्याचा अर्ज मात्र विसरू नये. लोकअदालतीत प्रकरण मिटल्यास विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 21 प्रमाणे फी परत मिळते, आणि पक्षकारांनी परस्पर मिटवले म्हणून परतावा नाकारू नये, असे तमिळनाडूच्या कायद्याचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये सांगितले आहे. महाराष्ट्रात यासाठी महाराष्ट्र न्यायालय फी अधिनियमाचे कलम 43 पाहावे. तडजोड कोणत्या टप्प्यावर झाली यावर परतावा अवलंबून असू शकतो, म्हणून मिटवायचेच ठरले असेल तर पुरावा सुरू होण्याची वाट पाहू नये, आणि परताव्याची विनंती त्याच तडजोड पुरसिसमध्ये लिहावी.