वाढत्या पाठीतली सळई

सावंतवाडी-कुडाळकडची माणसं मोठ्या ऑपरेशनला गोव्यातलं बांबोळीचं इस्पितळ गाठतात, चिपळूण-रत्नागिरीकडची मुंबई. कणा बाजूला वाकलेल्या (स्कोलिओसिस) पाच-सहा वर्षांच्या पोराच्या पाठीत तो सरळ धरायला सळई बसवायची ठरली की घरचे विचारतात, "परत किती वेळा यावं लागेल?" शंभर वर्षांत या प्रश्नाचं उत्तर अनेकदा बदललं.

पहिलं उत्तर होतं, एकदाच. न्यूयॉर्कच्या रसेल हिब्स यांनी १९११ मध्ये क्षयाने पोखरलेले मणके एकमेकांशी सांधण्याची रीत मांडली. पुढे तीच वाकलेल्या कण्यावर वापरली गेली. पण सांधलेला मणका वाढत नाही. पहिल्या पाच वर्षांत मानेखालचा कणा वर्षाला दोन सेंटीमीटरच्या आसपास वाढतो, नंतर दहाव्या वर्षापर्यंत साधारण एक. तो लवकर सांधला तर छाती आखूड राहते. छातीच्या कण्याची उंची १८ सेंटीमीटरच्याही खाली राहिली, तर फुप्फुसांना पुरेशी जागाच उरत नाही. शिवाय फक्त मागून सांधलं तर पुढची बाजू वाढतच राहते आणि पाठ पिळवटते. फ्रान्सचे सर्जन द्युबुसे यांनी १९८९ मध्ये हे नेमकं दाखवलं.

ह्यूस्टनमध्ये पोलिओच्या मुलांवर काम करताना सर्जन हॅरिंग्टन यांनी मणक्यात अडकवायचे आकडे (हुक) आणि सळई आणली. त्यांचा लेख १९६२ चा. लहान मुलांत न सांधता सळई ताणायचा प्रयत्नही झाला, पण आकडे निसटत. मग फक्त दोन टोकं सांधून मधला कणा मोकळा ठेवायची पद्धत रुळली, आणि २००५ च्या सुमारास एकेरी सळईऐवजी दुहेरी. वर-खाली मणक्यांत प्रत्येकी किमान चार पकडी (आकडे किंवा स्क्रू), मध्ये सळईचे तुकडे जोडणारी जोडणी. दर सहा महिन्यांनी भूल देऊन लहान छेद घ्यायचा, जोडणीचा स्क्रू सैल करायचा, सुमारे सेंटीमीटरभर ताणायचं, पुन्हा आवळायचं. कोकणातून दर खेपेला रजा, तपासण्या, रिझर्व्हेशन. आणि तारीख गणपतीत आली तर तिकीट विसराच.

बिघडतं काय? धातू थकून सळई मोडते, बहुधा जोडणीजवळ. वरची पकड उपटते. प्रत्येक छेदासोबत जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. कणा हळूहळू आपोआप आखडतो, त्यामुळे प्रत्येक खेपेला मिळणारी लांबी कमी होत जाते.

चुंबकाची सळई आली तेव्हा वाटलं, सुटलो. हाँगकाँगचे पहिले निष्कर्ष २०१२ मध्ये छापून आले: बाहेरून यंत्र धरायचं, सळई ओपीडीतच लांबते, भूल नको. पण आतली यंत्रणा अडकते, टायटॅनियम झिजून भोवतालचं मांस काळवंडतं. २०२० मध्ये ब्रिटनमधला पुरवठा काही काळ थांबवला गेला.

म्हणून अगदी लहानग्यांत लंडनच्या मिन मेहता यांची प्लास्टरची पद्धत आजही आधी आठवावी. कण्याचं वळण ओळखून, भूल देऊन घातलेलं प्लास्टरचं जाकीट. दोन ते चार महिन्यांनी नवं. दुसऱ्या वर्षाच्या आत सुरू केलं तर काहींची पाठ पूर्ण सरळ होते, इतरांची शस्त्रक्रिया लांबते. आपल्याकडच्या दमट हवेत अडचण घामाची: आत सुती बनियन बिनसुरकुत्यांचं हवं, आंघोळीऐवजी ओल्या फडक्याने पुसणं, आणि प्लास्टरला कुबट वास आला किंवा कडेची कातडी लाल झाली तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवणं.