कॉर्गी : पिल्लांच्या केसांचे प्रकार व प्रदर्शनयोग्यता

वेल्समध्ये गुरे हाकण्यासाठी जोपासलेल्या आखूड पायांच्या कुत्र्यांना कॉर्गी म्हणतात. पेंब्रोक व कार्डिगन या त्यांच्या दोन जाती कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या ब्रिटनच्या केनेल क्लबने १९३४ मध्ये वेगळ्या मानल्या. कार्डिगनचे शेपूट लांब, कोल्ह्यासारखे. कान मोठे व टोकाला गोल. पुढील विवेचन मुख्यतः पेंब्रोकविषयी, नाशिक भागात पिल्लू घेणाऱ्यांसाठी आहे.

वेल्श भाषेत ‘कोर’ म्हणजे बुटका आणि ‘की’ म्हणजे कुत्रा. समासात ‘की’चा ‘गी’ होतो. पहिले पद ‘राखण’ या अर्थाचे आहे, असेही मत आहे. पण ‘बुटका कुत्रा’ ही फोड अधिक सरळ वाटते. पेंब्रोकचे पूर्वज बाराव्या शतकाच्या आरंभी फ्लेमिश विणकरांबरोबर आले, अशी परंपरा सांगते. दुसरे मत त्यांचा संबंध स्वीडनच्या व्हालहुंड कुत्र्याशी व व्हायकिंगांशी जोडते. मात्र कोणापासून कोण निपजले, हे त्यातून ठरत नाही. काही पिल्लांच्या लांब केसांवरूनही मूळ शोधता येत नाही, कारण त्यांमागचा जनुकीय बदल एकमेकांपासून दूरच्या अनेक जातींत सापडतो.

हा बदल एफजीएफ५ या जनुकात असतो. केसाची वाढ थांबवण्याचा इशारा या जनुकाच्या प्रथिनाकडून मिळतो. हाउसली व व्हेंटा यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार प्रथिनातील ९५व्या जागी सिस्टीन या अमिनो आम्लाऐवजी फिनिलअ‍ॅलनीन आले की तो इशारा दुबळा पडतो व केस वाढत राहतो. गुण अप्रभावी असल्याने लांब केसांसाठी आई व बाप दोघांकडून बदललेली प्रत यावी लागते. दोन्ही वाहक, म्हणजे एकच बदललेली प्रत असलेले, असतील तर प्रत्येक पिल्लू लांब केसांचे निघण्याची शक्यता २५ टक्के, वाहक निघण्याची ५० टक्के. वाहक कुत्रे दिसायला पूर्ण नेमस्त, म्हणजे जातीच्या नेहमीच्या आखूड केसांचे, असते. म्हणून ‘आईबाप दोघेही आखूड केसांचे’ हे विक्रेत्याचे आश्वासन पुरेसे नाही. गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्याची डीएनए चाचणी मात्र निर्णायक ठरते.

नेमस्त कोट, म्हणजे केसांचे आवरण, दुहेरी असतो : आत दाट लव, वर किंचित लांब, राठ, अंगालगत बसणारे केस. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेच्या ३९ क्रमांकाच्या मानकाला, म्हणजे जातीच्या आदर्श वर्णनाला, मऊ, नागमोडी किंवा तारेसारखे केस मान्य नाहीत. अमेरिकन मानक थोडा नागमोडीपणा चालवून घेते. कान, छाती, पाय व मांड्यांवर लांब झालर असलेल्या ‘फ्लफी’ कोटाला अमेरिकन मानक अतिगंभीर दोष म्हणते आणि तो कातरल्याने ग्राह्य होत नाही, असेही बजावते. नाशिकमधील ग्राहकाने हे आधी लक्षात घ्यावे. फ्लफी पिल्लू शुद्ध जातीचे व निरोगी असू शकते, घरी पाळायला उत्तमही असते. पण जास्त केस म्हणजे ‘शो क्वालिटी’ नव्हे.

तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात फरक दिसू लागतो. पिल्लाचा कान उजेडासमोर धरून कडेवरून अंगठा फिरवावा. नेमस्त पिल्लाची कड स्वच्छ दिसते. फ्लफीच्या कडेवर व कानामागे रेशमी बटा असतात. मग पंजा उलटा करून बोटांमधले केस पाहावेत. केस कातरल्याचा संशय आल्यास टोके बघावीत : न कापलेला केस टोकाला निमुळता होतो, कापलेला बोथट राहतो.

प्रदर्शनयोग्यतेचा पहिला अंदाज आठव्या आठवड्यात, पिल्लू न घसरणाऱ्या टेबलावर उभे करून घेतात. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार त्याआधी पिल्लू विकता येत नाही, तरी ४५ दिवसांच्या पिल्लांचा व्यवहार सर्रास चालतो. मोठ्या कुत्र्यात खांद्याच्या उंचवट्यापासून शेपटाच्या मुळापर्यंतचे अंतर उंचीपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त आणि मुस्कट व कवटी यांचे प्रमाण ३:५ असावे; पिल्लात याची केवळ चाहूल लागते. वरचे दात खालच्या दातांवर कात्रीसारखे बसावेत. मानेचा पांढरा पट्टा व कपाळावरची पांढरी रेघ वाढीबरोबर अरुंद होतात. पण पाठीवर, कुशीवर किंवा कानावर ठळक पांढरा डाग असेल तर तो दोषच ठरतो. निळसर धुरकट झाक व फिकट डोळे हाही दोष. नराचे दोन्ही वृषण उतरलेले हवेत. चौथ्या-पाचव्या महिन्यात दात पडताना उभे कान पुन्हा लोंबू शकतात. तेवढ्यावरून पिल्लू बाद करू नये. थोडक्यात, या वयात दोष खात्रीने सांगता येतो, गुण नाही.

मोठ्या कुत्र्याचा कोट नाशिकला डिसेंबर-जानेवारीत, निफाडचा पारा उतरतो तेव्हा, पाहावा. उन्हाळ्यात लव झडून भरदार कुत्रेही पातळ दिसते. तेव्हा मशीन लावून केस उतरवू नयेत. कातडीला उन्हाचा चटका बसतो व कोट पूर्वीसारखा परतेलच असे नाही. पावसाळ्यात आतली लव मुळापर्यंत वाळवावी, नाहीतर ओलीखाली कातडीला खाज व पुरळ येते. पावसानंतर वाळलेल्या गवताची कुसळे फ्लफीच्या बोटांत रुततात. फिरून आल्यावर पंजे विंचरावेत. द्राक्षबागेत मोकळे सोडू नये : द्राक्षे व बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात.