ट्रॅक्टरवाल्यांची बर्फगाडी आणि दोन पुल्यांची करामत

‘गिअरची गाडी ती खरी गाडी, बिनगिअरची घाटात धापा टाकते,’ हे गॅरेजच्या बाकड्यावर हमखास कानावर पडतं. असं म्हणणाऱ्यांना मला जॉन डिअरच्या जुन्या स्नोमोबाइलपुढे, म्हणजे बर्फावर पळणाऱ्या गाडीपुढे, नेऊन उभं करावंसं वाटतं. घाट परवडला, पण भुसभुशीत बर्फ नको! आणि त्या बर्फात हे यंत्र धावायचं ते बिनगिअरचंच.

जॉन डिअर आपल्याला ट्रॅक्टरमुळे माहीत. पुणे-नगर रस्त्यावर सणसवाडीला त्यांचा कारखानाच आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात होरिकन गावीही त्यांचा एक कारखाना आहे. तिथे बंगल्याभोवतीचं गवत कापायचे छोटे गार्डन ट्रॅक्टर बनतात. 1963 सालचं ‘110’ हे मॉडेल तिथलंच. पण हिवाळ्यात गवत कापणार कोण? विक्रेते चार महिने माश्या मारत बसायचे. त्याच सुमारास स्नोमोबाइलचं वेड शिगेला पोचलं होतं. कॅनडात बॉम्बार्डिए यांची ‘स्की-डू’ 1959 साली आली आणि 1971 पर्यंत उत्तर अमेरिकेत वर्षाला जवळजवळ 5 लाख गाड्या खपू लागल्या. बोलेन्स, व्हील हॉर्स असे गार्डन ट्रॅक्टरवालेही या धंद्यात उतरले होते. डिअरनं ‘400’ आणि ‘500’ या हिरव्या गाड्या काढल्या त्या याच वेळी. आज टोप्यांवर दिसणारं ‘नथिंग रन्स लाइक अ डिअर’ हे घोषवाक्य मुळात या बर्फगाड्यांच्या जाहिरातीतलं.

गाडी बर्फात रुतत का नाही, याचं उत्तर शाळेतलंच आहे: दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. गाडी आणि स्वार मिळून अडीचशे किलो धरा. ते वजन पुढच्या दोन घसरत्या फळ्यांवर (स्की) आणि गाडीला ढकलणाऱ्या मागच्या रुंद रबरी पट्ट्यावर पसरतं, म्हणजे चौरस सेंटिमीटरला 50 ग्रॅमच्या आसपास. चालणाऱ्या माणसाचं सगळं वजन एका बुटावर येतं तेव्हा हाच आकडा साडेतीनशेच्या घरात जातो. पण रुतत नाही म्हणजे पळते असं नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे.

टू-स्ट्रोक इंजिनाचा स्वभाव हट्टी. त्याची खरी ताकद फेऱ्यांच्या एका अरुंद टप्प्यातच मिळते. त्याखाली ते मरगळतं. बर्फ मात्र दर दहा पावलांवर बदलतो: इथे टणक, तिथे भुसभुशीत, पुढे चढ. दर वेळी गिअर बदलत बसलात तर तेवढ्यात गाडी थांबते. म्हणून इथे बेल्ट आणि दोन पुल्या.

प्रत्येक पुली दोन उतरत्या थाळ्यांची, त्यातली एक सरकणारी. पुढची पुली इंजिनच्या शाफ्टवर असते, मागची रबरी पट्टा फिरवते. इंजिन संथ चालत असताना स्प्रिंग तिच्या थाळ्या दूर ठेवते आणि बेल्ट मध्ये नुसता सैल पडून राहतो. फेऱ्या वाढल्या की आतली वजनं बाहेर फेकली जातात आणि सरकत्या थाळीला रेटतात. हे बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं: फेऱ्या 10 टक्के वाढल्या तर रेटा 21 टक्के. थाळ्या जवळ येतात, बेल्ट चिमटला जातो आणि बाहेरच्या कडेकडे चढतो. बेल्टची लांबी ठरलेली, त्यामुळे मागच्या पुलीच्या थाळ्यांना फाकावंच लागतं. गुणोत्तर अखंड बदलत जातं, मधे एकही पायरी नाही.

आता मागची पुली, माझी लाडकी. तिची सरकती थाळी तिरप्या खाचेवर बसलेली असते. गाडी भुसभुशीत बर्फात शिरली, पट्टा अडला, की बेल्टची ओढ वाढते. ती ओढ थाळीला खाचेवरून फिरवते आणि फिरता फिरता ती बेल्टवर आणखी घट्ट दाबते. बेल्ट मागे वर चढतो, पुढे खाली उतरतो, म्हणजे आपोआप ‘खालचा गिअर’. पुढची पुली फेऱ्यांचं ऐकते, मागची ओझ्याचं. या दोघींच्या ओढाताणीत इंजिन आपल्या आवडत्या फेऱ्यांवरच घुमत राहतं. ना संगणक, ना सेन्सर!

ही जोडी मुळात स्कूटरची. कॅलिफोर्नियातल्या सॉल्सबरी कंपनीनं ती 1930 च्या दशकात आपल्या स्कूटरला बसवली, आणि पुढे सॉल्सबरीचेच क्लच कितीतरी स्नोमोबाइलवर दिसू लागले. आपल्याकडे ती कायनेटिक होंडानं रुळवली आणि ॲक्टिव्हानं घरोघरी नेली. फरक इतकाच, की स्कूटरमध्ये बेल्ट कायम ताणलेला असतो आणि चाक सोडवायला मागे वेगळा क्लच असतो. पुढच्या पुलीतले सहा रोलर घासून चपटे झाले की स्कूटर नीट उचलत नाही. मग लोक पेट्रोलच्या नळीला ‘ॲव्हरेज वाढवणारं’ चुंबक बांधतात, हँडलला दर शनिवारी ताजं लिंबू-मिरची लटकवतात. बेल्टचं झाकण मात्र तो तुटेपर्यंत कुणी उघडत नाही.

1976 मध्ये विनिपेग ते सेंट पॉल या सुमारे 500 मैलांच्या शर्यतीत ब्रायन नेल्सननं डिअरच्या बर्फगाडीवर पहिला नंबर काढला. पण तोवर लाट ओसरू लागली होती. 1973 चं तेलसंकट आलं, आवाजाचे नियम कडक झाले, काही हिवाळे कोरडे गेले. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला डिअरनं हा धंदा गुंडाळला. शेतावर सामान वाहायची त्यांची छोटी ‘गेटर’ गाडी आज याच बेल्टवर चालते.