पायथॉनचं गणित बिघडलेलं नाही
पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत ०.१ + ०.२ केलं की ०.३०००००००००००००००४ येतं, म्हणून ‘पायथॉनमध्ये बग आहे’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे खरं नाही. जावास्क्रिप्ट ही दुसरी भाषाही तेच उत्तर देते. बायनरीत, म्हणजे संगणकाच्या फक्त ० आणि १ च्या पद्धतीत, ०.१ हा ०.०००११००११… असा कधीच संपत नाही, आपल्या १/३ सारखा. ६४ बिटांच्या (बिट म्हणजे ० किंवा १ असा एक अंक) आकड्यात ५३ अर्थपूर्ण बिट मावतात, पुढचं गोल होतं. लूपमध्ये ०.१ दहा वेळा मिळवून बघाच, फार मजा येते: एक पुरा होतच नाही!

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराचा हिशेब प्रोग्रामात ठेवायचाय? मग रक्कम पैशांत, पूर्णांकात साठवा: ४५.५० रुपयांचे ४५५०. पायथॉनमधला डेसिमल हा दशांश पद्धतीनं हिशेब करणारा प्रकार वापरलात तर आकडा अवतरणचिन्हांतच द्या, नाहीतर आधीच गोल झालेला ०.१ आत शिरतो.