चढ संपल्यावरचं एक मिनिट

राजहंसगडाचा चढ एका दमात चढलात की वर पोहोचेपर्यंत छाती धडधडायला लागते. रविवारी सकाळी बेळगाव-येळ्ळूरकडून येणारी मंडळी वर टेकताच मनगटावरचं, हृदयाचे ठोके दाखवणारं घड्याळ बघतात. "माझे १६२ गेले!" "आमचे १५५च." माझ्या मते ही चढाओढ भलत्याच आकड्यावरून चालते. ठोके जास्तीत जास्त किती जाणार हे बरंचसं वयावर ठरतं. बघायचं ते पुढच्या मिनिटात किती उतरले ते.

हृदयाच्या उजव्या कर्णिकेतला पेशींचा एक पुंजका ठोक्यांची लय ठरवतो. त्याला मोकळं सोडलं तर तो मिनिटाला साधारण १०० ठोके देईल. तरी बसल्या जागी नाडी ७०च्या आसपास लागते, कारण मेंदूतून निघालेली व्हेगस चेता त्याच्यावर कायम ब्रेक दाबून असते. ही परानुकंपी, म्हणजे शरीराला शांत करणाऱ्या चेतासंस्थेची बाजू. चालायला लागलं की शरीर आधी हा ब्रेक सैल करतं. चढ अंगावर आला की अनुकंपी, म्हणजे शरीराला धावपळीसाठी तयार करणारी चेतासंस्था आणि अॅड्रेनलिन हे संप्रेरक वेग वाढवतात. थांबलात की ब्रेक काही सेकंदांतच परत लागतो, कारण व्हेगसच्या टोकांशी सुटणाऱ्या अॅसिटिलकोलीन या रसायनाचा परिणाम ठोक्यागणिक दिसतो. अॅड्रेनलिन मात्र रक्तातून सावकाश ओसरतं. म्हणूनच तटावर बसून पाणी पिऊन झालं तरी नाडी घरच्यापेक्षा जलदच लागते. १९९४ साली जपानी संशोधकांनी अॅट्रोपीन हे औषध देऊन व्हेगसचा परिणाम रोखला, तर सुरुवातीची ही झपाट्याची उतरण मंदावली.

१९९९ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने २,४२८ जणांचा सहा वर्षांचा अभ्यास मांडला. ट्रेडमिल चाचणीनंतर पहिल्या मिनिटात ज्यांचे ठोके १२ किंवा त्याहून कमी उतरले, त्यांच्यात वय वगैरे गोष्टी जमेस धरूनही मृत्यूचा धोका सुमारे दुप्पट निघाला. पण ते लोक त्या मिनिटात हळूहळू चालत होते. लगेच आडवं झालं तर ठोके अधिक वेगाने उतरतात. तशा चाचण्यांत १२ऐवजी १८ची रेषा धरतात. तेव्हा घड्याळातल्या आकड्याने हुरळू नका आणि घाबरूही नका. ठोके मंदावणारी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल किंवा ठोके मुळातच अनियमित असतील, तर हे गणित आपल्या डॉक्टरांवर सोडावं.

ठोके दाखवणारं घड्याळ नसेल तर नाडी मनगटावर मोजा. मानेवर, तेही जोरात दाबून, नको. तिथल्या धमनीत रक्तदाब ओळखणारी चेतांची टोकं असतात. ती दाबली गेली की मेंदू व्हेगसला कामाला लावतो, ठोके खरोखरच मंदावतात आणि आकडा फुकटचा चांगला येतो. काहींना, विशेषतः वयस्कर माणसांना, त्याने चक्करही येते.

सरावाने ही उतरण सुधारते, हृदयविकारानंतर देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्यांतसुद्धा. आपल्याकडच्या तालमीत बैठका संपल्यावर वस्ताद पोरांना बसू देत नाहीत, फेऱ्या मारायला लावतात. त्यात तथ्य आहे: एकदम थांबलं तर पायांत रक्त साचतं, रक्तदाब घसरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. चालत राहिलं की पोटऱ्यांचे स्नायू ते रक्त वर ढकलत राहतात.